दुकानदाराचा डोळा

आंधळगावच्या टेकचंद निमज्यानं वयाच्या चौसष्टाव्या वर्षी डोळा मारायला सुरुवात केली आणि गल्लीत बोंब झाली. आधी उजवा मिटायचा, मग डावा, मग पुन्हा उजवा. समोरच्या ओट्यावर चंद्रभागाबाई तांदूळ निवडत बसायची. तिनं दोन दिवस सोसलं. तिसऱ्या दिवशी सूप आपटलं आणि थेट टेकचंदच्या बायकोसमोर येऊन उभी राहिली.

"कौशल्या, तुह्या बुढ्याले आवर. या वयात मले पाहून डोळे मिचकावून राहिला तो!"

"तुले नाही वो बाई, तुह्या मागच्या भितीवरच्या पालीले पाहून राहिला," कौशल्या म्हणाली. "कोण्या डोळ्यानं पाल दिसते आन कोण्यानं नाही, हे दिवसातून शंभरदा तपासते. मलेबी मारते. लगन झालं तवा नाही मारला कधी."

आता यात कौशल्येचा राग होता तो निराळाच. तो डोळ्यांवर नव्हता, नवऱ्याच्या जिभेवर होता. ते नीट सांगायला हवं.

टेकचंद जातीचा कोष्टी, हाडाचा विणकर. पंचेचाळीस वर्षं तो मागाच्या खड्ड्यात पाय सोडून कोशाचं रेशीम विणत आला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि नेमकी त्याच हंगामात पोराची, नीलेशची, सोयरीक निघाली. नीलेश एकोणतीस वर्षांचा झाला होता. याआधी चार ठिकाणी बोलणी झाली, आणि घरात माग आहे म्हटलं की मुलीकडचे कप खाली ठेवून चपला शोधू लागायचे. म्हणून या वेळी टेकचंदच्या बहिणीनं, शकुनबाईनं, आधीच सांगून टाकलं होतं: "माह्या भावाचं कापडाचं दुकान हाय. गादीवर बसते तो." दुकान म्हणजे समोरच्या खोलीतलं एक कपाट. त्यात आठ-दहा थान. वर्षातून कोणी वाट चुकून आलाच, तर त्याला दाखवायला.

मुलीचे, तृप्तीचे, वडील सेवकराम धकाते, कोंढ्याचे. रिटायर मास्तर. जिल्हा फुटला तेव्हा त्यांची शाळा गोंदियाकडे गेली आणि घर भंडाऱ्याकडे राहिलं, त्यामुळे अर्धं आयुष्य एसटीत काढलेला सोशिक माणूस. भंडाऱ्याचा डोळ्यांचा डॉक्टर त्यांचा जुना विद्यार्थी निघाला. मग काय, "मी येतो संग," म्हणून मास्तर दवाखान्यात हजर. नाही कसं म्हणायचं?

डॉक्टर मोठा गोड बोलणारा. म्हणाला, "काका, आता एक सोय आहे, मोनोव्हिजन म्हणतात तिला. एका डोळ्यात दूरचं भिंग बसवतो, दुसऱ्यात जवळचं. कोणता डोळा कधी वापरायचा ते डोकं आपोआप शिकतं. फक्त जवळचं म्हणजे किती जवळचं, ते तुम्ही सांगायचं. भिंग एकदा बसलं की बसलं. काम काय करता?"

'माग' हा शब्द टेकचंदच्या ओठांपर्यंत आला होता. बाजूच्या खुर्चीवर मास्तर बसले होते. त्यानं तो शब्द गिळला.

"दुकान हाय कापडाचं. गादीवर बसतो."

"बारीक काम काही? सुई-दोरा?"

"छ्या! बारीक काम नोकर करते."

नोकर! कौशल्येनं मागून सदरा असा ओढला की त्याचं गळ्याचं बटण तुटून डॉक्टरच्या टेबलाखाली गेलं. पण बाण सुटला होता. डॉक्टरनं हातभर अंतर धरलं. गिऱ्हाइकाचं तोंड, समोर पसरलेलं कापड, जेवणाचं ताट. उजवा डोळा दूरचा, डावा दुकानदाराचा. महिन्याच्या अंतरानं दोन्ही ऑपरेशनं पार पडली.

घरी आल्यावर पहिले आठ दिवस टेकचंद राजासारखा फिरला. उजव्या डोळ्यानं त्याला पार टोकाच्या देवळाचा झेंडा दिसला, आणि रोज सलाम ठोकणारा शेजारचा कैलाश तोंडानं वेगळंच काही पुटपुटतो हेही दिसलं. पायरीचा अंदाज मात्र चुकायचा. चहा बशीत ओतायला जायचा, तो लुंगीवर पडायचा. "डोकं शिकून राहिलं," तो म्हणायचा. "या वयात शिकाले टाइम लागतेच ना बाप्पा."

नवव्या दिवशी तो मागावर बसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

समोर ताणा होता की धुकं, काही कळेना. कोशाचा धागा केसाहून बारीक आणि रंगानं मातीसारखा. तो वीतभर अंतरावरून पाहावा लागतो. टेकचंदनं उजवा मिटला, डावा मिटला, मान मागे घेतली. मागे घेतली की धागा थोडा दिसायचा, पण मग हात पुरायचा नाही. हातभर लांबून धागा सांधायला माणसाचे हात दीड पट लांब लागतात. तरी जिद्दीनं त्यानं दिवसभर विणलं. संध्याकाळी कौशल्येनं कापडाखाली हात घातला आणि तिचं बोट वर आलं.

"हे काय? मच्छरदानी?"

"डॉक्टरनं बिघडवला डोळा."

"डॉक्टरनं? डॉक्टरनं तुम्हाले दुकानदाराचा डोळा देला, तुम्हीच मांगलेला. आता त्या नोकराले बोलवा बारीक कामाले!"

असा आठवडा गेला. टेकचंद चष्म्याचं नाव काढू देईना. ऑपरेशन करून वर चष्मा, मग ऑपरेशन कायले केलं, हा त्याचा सवाल. शेवटी कौशल्येनंच डॉक्टरच्या कागदावरचा जवळचा नंबर दाखवून चष्मा आणला आणि स्वतःच्या हातानं त्याच्या नाकावर बसवला. टेकचंदनं खाली पाहिलं. धागा न् धागा उभा! त्याला रडू आलं. आपल्या हाताखालचं कापड त्यानं दोन वर्षांनी पाहिलं होतं.

फक्त एक होतं. त्या चष्म्यातून वीतभराच्या पलीकडचं सगळं जग म्हणजे लापशी.

आणि अशातच शकुनबाईचा फोन आला. सेवकराम मास्तर आणि त्यांची बायको सुलोचनाबाई चार वाजता घर पाहायला येताहेत. कौशल्या आलूपोह्याच्या तयारीला लागली, नीलेशला मिठाई आणायला मोहाडीला धाडलं. ठरलं असं की साडेतीनला मागाच्या खोलीला कुलूप घालायचं, दारासमोर कपाट सरकवायचं आणि टेकचंदनं गादीवर बसायचं. कपाट ढकलायला कैलाश यायचा होता.

तीन वाजता टेकचंद शेवटचे चार हात विणत होता. दारात मोटारसायकल थांबली. तो चष्म्यासकट उठून बाहेर आला. दारात एक पांढरट डाग होता, आणि त्याच्या मागे एक मोठा हिरवा डाग.

"आला का कैलाश? बरं झालं. सुताचा गठ्ठाबी आणला वाट्टे? ठेव तो कोपऱ्यात."

हिरवा डाग थोडा थबकला, मग निमूटपणे कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"चाल, हात लाव कपाटाले. मागाचं दार झाकाचं हाय. पाव्हणे येतेत आज, मास्तर अन् मास्तरीण. त्याइले आपण सांगतलं हाय का घरी माग नाही म्हून. मी दुकानदार हावो, समजलं? तोंड उघडू नोको त्याइच्यासमोर."

पांढऱ्या डागानं कपाटाची दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून जोर लावला.

"मास्तर तसा बरा हाय. पण शिकवून शिकवून डोकं वापरलं गेलं बिचाऱ्याचं, काहीबी सांगा, मान डोलवते. अजून थोडं तुह्याकडे घे. हं! आता पोर घरात आली का हळूहळू सांगून देऊ."

कपाट दाराला टेकलं. घाम पुसायला दोघं एकाच वेळी कपाटावर वाकले, आणि वीतभरावर आलेलं ते तोंड चष्म्यात लख्ख उमटलं. मिशीचा केस न् केस. कपाळावरचं गंध. ते तोंड कैलाशचं नव्हतं.

टेकचंदनं चष्मा काढला. डावा डोळा मिटला, उजव्यानं कोपऱ्याकडे पाहिलं. हिरव्या लुगड्यात सुलोचनाबाई गठ्ठ्याच्या जागी हाताची घडी घालून उभी होती.

"राम राम, पाव्हणे," सेवकराम मास्तर म्हणाले.

पोह्यांचं ताट घेऊन कौशल्या दारात आली आणि तिथंच थिजली. पोराचं लग्न आपल्याच जिभेनं मोडलं, आता नीलेशला काय तोंड दाखवू, एवढंच टेकचंदच्या डोक्यात घुमत होतं. त्यानं हात जोडले.

"मास्तर, चूक माही हाय. पोराचा काही दोष नाही. लाज वाटत होती मले मागाची. नाही... मागाची नाही. चार जागी पोराले नाही म्हटलं लोकाइनं, त्याची भीती वाटत होती."

"आधी हे कपाट हटवा," मास्तर म्हणाले.

परत दोघांनी कपाट ढकललं. मास्तर मागाच्या खोलीत शिरले, वाकले, कापडावरून हात फिरवला. मग सदरा सावरत खड्ड्यात उतरून बसले आणि त्यांच्या पायांनी न पाहता पावड्या, मागाच्या पायानं दाबायच्या पट्ट्या, शोधल्या.

"माहा बापबी यावरच बसत होता," ते म्हणाले. "निमजेभाऊ, दवाखान्यात बाकावर बसले होते ना तुम्ही, तवा तुमचे पाय खाली एकामागून एक दाबून राहिले होते. गादीवरच्या माणसाचे पाय असे चालत नाहीत. मले त्याच दिवशी समजलं."

"मले तं शकुनबाई 'दुकान' म्हणाली तवाच समजलं," सुलोचनाबाई म्हणाली. "आपल्यात सोयरीक निघाली का सारेच दुकानदार होतेत."

"मी ठरवूनच तासभर आधी आलो होतो," मास्तर म्हणाले. "मागाची खोली उघडी दिसली तं पोर द्याची. कुलूप दिसलं तं च्या पेवाचा आन चालतं व्हाचं. कमावता माग जे लपवतेत, ते उद्या माह्या तृप्तीचं काय काय लपवतीन, सांगा! पण तुम्ही हात जोडून खरं सांगतलं, आता झालं ते झालं. तारीख काढा."

टेकचंद मटकन खाली बसला.

"मंग डॉक्टरसमोर काहून नाही टोकलं मले?"

"होणाऱ्या इवायाले, पोरीच्या सासऱ्याले, आपल्या विद्यार्थ्यासमोर खोटारडा म्हणू? मी मुद्दाम उठून बाहेर गेलो होतो. म्हटलं, मी नसलो का खरं सांगतीन. दहा मिनिटं संडासाच्या दाराजवळ उभा होतो भाऊ, नाक दाबून."

टेकचंदला ती दहा मिनिटं आठवली. मास्तर बाहेर गेल्यावर त्यानं डॉक्टरला आपल्या दुकानात काचेची कपाटं बसवायचा बेत सांगितला होता. एक नाही, तीन कपाटं.

कौशल्येनं पोह्यांचं ताट खाली ठेवलं, चष्मा उचलून पदरानं पुसला आणि नवऱ्याच्या हातात दिला.

"म्हंजे साऱ्या दुनियेले खरं ठाऊक होतं," ती म्हणाली. "एकटा डॉक्टर फसला. आन डोळा त्याच्याच हातात होता."