भट्टीच्या अकरा पायऱ्या

रिठद. पत्र्याच्या पडवीत एक घोंगडी, एक ताट, एक तांब्या. महिन्याचे चार दिवस सोडले तर त्यांना कुणी हात लावत नाही.

वितळलेल्या लोखंडाला पाणी भेटलं की पाण्याची क्षणात वाफ होते. वाफेला जागा लागते.

‘पदवीधर प्रशिक्षणार्थी अभियंता, भट्टी विभाग.’ नेमणूकपत्र देवापुढे ठेवताना आईनं ही ओळ बोटानं चाचपली.

भट्टीच्या पूजेला पाच लिंबं, एक नारळ, हळदकुंकवाची पुडी.

सव्वासातची वाशीम गाडी. खिडकीशी बसलेल्या मुलीचं पोट दुखतंय.

०

मुलगी वैभवी. धातुशास्त्राची पदवी घेऊन वाशीमजवळच्या एका ओतकाम कारखान्यात लागून तिला एकोणीस दिवस झाले होते. त्या सोमवारी भट्टीला आतून नवं अस्तर लावून पहिलं लोखंड वितळवायचं होतं. अस्तर ओलं राहिलं तर तडकतं आणि लोखंडाचा रस बाहेरच्या पाण्याच्या नळ्यांपर्यंत पोचतो. ओल नळ्यांकडे सरकली की चढणारा काटा वर, भट्टीच्या ओट्यावर. तो वाचणं हेच तिचं काम. रविवारी जेवताना तिनं हे सगळं आईला हात नाचवत सांगितलं होतं.

म्हणून गाडी वाशीमला पोचायच्या आत आईनं, गोजराबाईंनी, भट्टीच्या मुकादमाला, गावच्याच नथ्थूला, फोन केला.

“नथ्थूभाऊ, वैभवीले आज कावळा शिवला. नवी भट्टी हाय म्हन्ते. तिले जोळ नका येऊ देऊ. माह्या लेकीनं भट्टी बाटवली असं नको व्हायले.”

“बरं झालं सांगतलं, वयनी.”

०

लोखंडी जिना. अकरा पायऱ्या.

“आज तू वर नको येऊ, पोरी,” नथ्थू वरून म्हणाला.

“काहून, काका? काटा मलेच पाहा लागते.”

“घरून फोन आल्ता.”

वाळू चाळणारे चौघं एकदम वाळूकडेच पाहू लागले. वैभवीचे कान तापले. ती खालीच उभी राहिली.

अस्तर दिवसभर हळूहळू तापवायचं असतं. पण पहिला रस बारा चाळीसच्या मुहूर्तावर पडायचा होता. नथ्थूनं वीज वाढवली.

“मुकेशदादा, काटा कितीवर हाय?”

मुकेश भट्टीवरचा मदतनीस. “वीस,” तो वरून ओरडला. थोड्या वेळानं, “तीस.” मग, “पंचेचाळीस! काय मॅडम, मंडीत हर्रास पुकारून राह्यलो का मी?” स्वतःच हसला.

“साठवर लाल खूण हाय. बंद करा, काका! अस्तर ओलं हाय!”

“पहिल्या रसाले टोकू नको वं!”

“अठ्ठावन्न.” आता मुकेश हसत नव्हता.

बंद करायचं बटण वर होतं. वैभवीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. तिला कुणीही धरलं नव्हतं. बाराव्या वर्षापासून पडवीच्या उंबऱ्याशी थबकणारा पाय तिथेही थबकला. एवढंच झालं. किती वेळ? ‘साठ’ असं ओरडून मुकेश बटणाकडे धावला, तेवढा.

मग आवाज.

०

मुकेश तिसऱ्या दिवशी गेला. नथ्थूचा उजवा हात भाजला. कारण ठरायला मात्र तीन दिवस लागले नाहीत. आधी कारखान्यात ठरलं, संध्याकाळपर्यंत गावात. तिनं पायरीले पाय लावला.

“कायले ठेवला वं पाय?” गोजराबाई रडत होत्या. “मी फोन केल्ता ना त्याईले!”

“उशिरा ठेवला, आई.”

०

कारखान्याच्या शेठनी अहवाल मागितला. वैभवीनं लिहिलं की अस्तर ओलं होतं. मुहूर्तासाठी ते घाईनं तापवलं. त्याखाली लिहिलं: काटा वाचणाऱ्या अभियंत्याला पाळी आली म्हणून खाली थांबवलं, आणि ती थांबली.

“ही शेवटची ओळ काढा,” शेठ म्हणाले. “कारखान्याच्या कागदावर असलं लिहून राह्यले का तुमी? बाकी सगळं बरोबर हाय. उद्याच कायम करतो तुमाले. नाई काढली, तर उद्या येऊ नका.”

वैभवीनं कागद जवळ ओढला. ‘आणि ती थांबली’ या शब्दांखाली रेघ मारली. सही केली, तारीख घातली. एक प्रत शेठपुढे ठेवली, एक सरकारी कारखाने निरीक्षकांना पोस्टानं पाठवली. तिसरी घेऊन ती केनवडच्या गाडीत बसली. केनवडला मुकेशचं घर होतं, घरात त्याची बायको उज्ज्वला.

उज्ज्वलानं भिंतीला टेकून सगळं ऐकलं.

“म्हनजे पायरीनं नाई झालं?”

“नाई.”

“कोनाच्याच शिवल्यानं नाई?”

“कोनाच्याच नाई, ताई.”

उज्ज्वलानं कागद मागून घेतला आणि पहिल्यापासून स्वतः वाचू लागली.

त्या सोमवारी सकाळी उज्ज्वलाही वेगळी बसली होती. मुकेशनं डबा स्वतःच भरून घेतला आणि तो दुरूनच ‘येतो’ म्हणाला.