हिरावाडीतले दोन तास चौदा मिनिटं

कॅमेरा बसवून देणाऱ्या किशोरने माऊस सोडला आणि पडद्याला नाक लागेल इतका पुढे वाकला.

“ताई, पंखा बघा.”

तृप्तीने पंखा बघितला. चित्राच्या वरच्या कोपऱ्यात त्याची तीन पाती दिसत होती. खाली आईचा पलंग, पलंगाशी स्टुलावर नवसाबाई आणि तिचा हात आईच्या पावलावर. हे चित्र तृप्तीने गेल्या अकरा दिवसांत किती वेळा पाहिलं होतं त्याला गणती नाही.

“बंद आहे पंखा. त्याचं काय?”

“दोन वाजून सहा मिनिटांनी गरगर फिरतोय. दोन सातला थांबला. बटण दाराजवळ आहे आणि बाई तर स्टुलावरून हललेली नाही. मग दाबलं कुणी?”

“वीज गेली असेल. लोडशेडिंग काय आज नवीन आहे का?”

“वीज गेली असती तर रेकॉर्डिंगचं मशीनच मेलं असतं. इन्व्हर्टर कुठे आहे इथे? आणि खालचं घड्याळ तर सेकंद न चुकता पळतंय.”

तृप्तीला त्याचा राग आला. त्याला बोलावलं होतं सीडी काढून द्यायला, पंख्याची पंचाईत करायला नव्हे. नवरा मयूर दोनदा पोलीस चौकीवर जाऊन आला होता आणि तिथल्या हवालदाराने त्याला एकच सांगितलं होतं, रेकॉर्डिंगची सीडी आणा, मग बाईला बोलावून घेतो. आईला अर्धांगवायू होता. डावं अंग गेलं तरी बोलणं शाबूत होतं आणि तोंडाचा पट्टाही. तिच्याजवळ दिवसभर बसायला, कामाच्या बाया पुरवणाऱ्या ब्यूरोकडून नवसाबाई ठेवली होती. मुलगी नाशिकरोडला विम्याच्या कचेरीत आणि आई इकडे हिरावाडीत एकटी, म्हणून गेल्या दिवाळीत हा कॅमेरा लावून घेतला. त्या मंगळवारी दुपारी आई गेली. बाईचं म्हणणं, जीव घाबरा झाला म्हणून मी फोन केले, डॉक्टरकडे पळाले, शेजारणींची दारं ठोठावली. आणि चित्रात काय? बाई सव्वादोन तास दगडासारखी बसलेली. माणूस डोळ्यांदेखत जातंय आणि ही ढिम्म! मयूर तर म्हणाला होता, असल्यांना सोडायचं नसतं.

किशोरने चित्र पुढे पळवलं. तीन वाजले, साडेतीन वाजले. त्याने पेन काढून काचेवर टेकवलं.

“हे खिडकीतलं ऊन. दोनला या फरशीच्या सांध्यावर आहे. आता पावणेचार, तरी तिथेच. उन्हाला काय कुणी खुंटीला बांधलंय?”

त्याने चित्र आणखी पुढे नेलं.

“आता बघा हं. चार एकवीस.”

एका झटक्यात ऊन पलंगाच्या पायापर्यंत चढलं. पंखा फिरू लागला. स्टूल आडवं पडलेलं होतं, शेजारच्या दोघी दारात उभ्या होत्या आणि नवसाबाई जमिनीवर बसून पलंगाच्या काठावर डोकं आपटत होती. हे तृप्तीने पाहिलं नव्हतं असं नाही. पण दर वेळी तिने चित्र पळवतच पाहिलं होतं, आणि त्या मशीनची चित्रं एरवीही धक्के खातच यायची.

“चित्र लटकलं होतं, ताई. खाली घड्याळ चालू, वर एकच फोटो. बाई बसलेली आहे ती दोन सातची. त्यानंतर तिने काय केलं ते देवाला ठाऊक.”

“तिने वायर ओढली असेल. मुद्दाम.”

“वायर ओढली तर पडदा निळा होतो.” किशोरने दुसरी एक खिडकी उघडली. त्यात नुसत्या तारखा आणि वेळा होत्या. “हे दुखणं वेगळं आहे. बाहेरून, म्हणजे इंटरनेटवरून, कुणी बघत बसलं की हे मशीन दमतं. मी लावतानाच बोललो होतो, बघा आणि लगेच बंद करा. हे बघा, दोन सातला कुणीतरी उघडलंय. बंद केलंय ते चार एकवीसला.”

कुणीतरी! तो मुद्दाम तसं म्हणाला हे तिला कळलं. पासवर्ड एकटीला माहीत होता.

त्या दुपारी जेवणाचा डबा धुऊन ती खुर्चीवर आली, कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात आईची खोली उघडली आणि बाईचा हात आईच्या पायावर बघून तिला इतकं बरं वाटलं की तिने ती खिडकी बंदच केली नाही. काम करता करता अधूनमधून नजर टाकत राहिली. सगळं ठीक होतं. पावणेतीनला मोबाइलवर ‘घर’ असं नाव आलं. बाईला फोन करायची सवयच होती. गॅस संपला, दूध नासलं, काकू जेवत नाहीत. तृप्तीने पडद्याकडे पाहिलं. बाई बसली होती, आई निजली होती. तिने फोन कापला. नंतर आणखी तीनदा आला, तीनदा कापला. कचेरीतले साहेब समोर उभे होते.

फोन दिवाणखान्यात होता. पलंगाजवळ बसलेली बाई दिवाणखान्यातून फोन करते कशी, हा प्रश्न तिला आईला पोचवून आल्यावर रात्री पडला होता. तिने तो कुणाला विचारला नाही. मोबाइलमधले ते चार फोन पुसून टाकले. मयूरने विचारलं, “बाई म्हणते फोन केले, आले होते का?” तेव्हा ती म्हणाली, “छे.” बायको मान खाली घालून बोलतेय हे त्याने पाहिलं, पण आई गेलेल्या बाईची मान वर कशी असणार, असंच त्याला वाटलं असावं.

“सीडी काढू का मग?” किशोरने विचारलं.

“नको.”

त्याने निमूटपणे पिशवी आवरली. दारात चपला घालताना मात्र त्याला राहवलं नाही. “त्या बाईंना एवढं कळवा, ताई. ब्यूरोवाल्यांनी नाव काढून टाकलंय त्यांचं. माझी मावशी आहे त्याच ब्यूरोत, म्हणून कळलं.”

नवसाबाई पेठ नाक्यापलीकडे पत्र्याच्या खोलीत राहत होती. तृप्ती पोचली तेव्हा ती उंबऱ्यात बसून सुपात तांदूळ निवडत होती. तृप्तीला पाहताच ती उठली. सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला, पायात चपला सरकवल्या आणि खोलीची कडी लावली.

“चला,” ती म्हणाली.

“कुठे?”

“चौकीवर. तुमचे साहेब बोलले व्हते ना, सीडी आली का जायचं.”

“नाही हो, नवसाबाई. कॅमेरा बिघडला होता. त्या दिवशी तुम्ही सगळं केलंत. मला कळलं आता.”

नवसाबाईने कडी तशीच धरून ठेवली. तिला आनंद झाला नाही की रागही आला नाही. “मला तर तवाच ठाव व्हतं,” ती म्हणाली. “दवाखाना दुपारचा बंद. दार बडवून बडवून हात सुजला. परत आले तं काकूंना धाप लागलेली. तुमचा फोन वाजायचा आन् बंद व्हायचा.”

“मीच कापत होते.” पहिल्यांदाच हे मोठ्याने बोलली ती. “माझंच चुकलं. मयूरला आज सांगते सगळं. ब्यूरोतही येते तुमच्याबरोबर.”

“ते सांगा. नाव गेलं माझं, ताई. नाक्यावरच्या बाया बी बोलत नाय माझ्याशी.”

मग दोघी उंबऱ्यातच बसल्या, कारण उभं राहून तरी काय करणार? शेजारचं एक कोंबडं सुपाशी आलं, ते नवसाबाईने हातानेच हाकललं. बऱ्याच वेळाने तृप्तीने विचारलं. विचारायचं नव्हतं तिला, पण विचारलं.

“आई काही बोलली का? शेवटी?”

नवसाबाईने तिच्याकडे न बघता सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

“इचारत व्हत्या, तृप्ती निघाली का. तीनदा इचारलं. मी काय सांगू? म्हनलं, निघाल्या ताई. द्वारका चौकात गाडी अडकलीय, तिथं लय गर्दी असती.”

“मग?”

“मंग म्हनल्या, सावकाश ये म्हणावं.”