अडकलेला बोल्ट

शुक्रवार म्हणजे पावणे एमआयडीसीतल्या वर्कशॉपला सुट्टी. सुधीर खांदेश्वरच्या घरी सावकाश दाढी करत होता. तेवढ्यात वरदचा व्हिडिओ कॉल आला आणि एका गालावर फेस तसाच ठेवून तो धावला.

वरद त्याचा एकुलता एक मुलगा. रशियात हेल्परची नोकरी आहे, सामान उचलायचं, पगार झकास, असं सांगून एजंटने त्याला नेलं. तिथे उतरल्यावर न कळणाऱ्या भाषेतल्या कागदावर सही घेतली आणि अंगावर वर्दी चढवली. त्या एजंटचा फोन आता लागत नाही. कसला लागतोय! सुधीर आणि अरुणा भेटेल त्या साहेबापुढे हात जोडत होते. मागणं एकच, पोराला लढाईत ढकलण्याआधी परत आणा.

"बाबा, बंदूक बिघडलीय," वरद रडकुंडीला आला होता. "एक गोळी मारली की बोल्ट जाम. सार्जंट नुसत्या शिव्या घालतो. त्याची भाषा कळत नाही, पण शिव्या कळतात."

"दाखव बघू."

वरदच्या हातात ही रायफल पहिल्यांदा दिसली तेव्हापासून सुधीरने तिच्याविषयी मिळेल ते वाचून काढलं होतं. आराखडा थेट झारच्या काळातला. पोटात पाच गोळ्या, आणि दर गोळीमागे बोल्ट हाताने उचलून मागे ओढायचा. महायुद्धात अशा लाखो घडवल्या, नंतर ग्रीस फासून गोदामात रचल्या. पणजोबांच्या वयाचं ते धूड आज आपल्या पोराच्या गळ्यात मारलंय, या विचाराने त्याचं डोकं फिरायचं.

पण वरदने कॅमेरा जवळ नेला आणि सुधीर राग विसरला. लोखंडावर कटरचे ओरखडे तसेच होते. शत्रू दारात आल्यावर पॉलिश करत बसणार कोण? तरी बोल्टचं माप मात्र चोख धरलं होतं. उभा जन्म लेथवर काढलेल्या सुधीरला त्या अनोळखी कारागिराचं कौतुक वाटलं.

"अरे, बोल्टला काही झालेलं नाही. गोळी बसते ना, त्या घरात जुनं ग्रीस वाळून बसलंय. तापलं की चिकट होतं आणि रिकामी पुंगळी धरून ठेवतं. उकळतं पाणी ओत, मग काठीला डिझेलचा बोळा गुंडाळून फिरव."

बोळा काळाकुट्ट निघाला.

"परत. पांढरा निघेपर्यंत."

अरुणा स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच आली. बापलेक किती दिवसांनी असे बोलत होते! तिला बरं वाटलं. वरदने सरावाच्या मैदानावर पाचही गोळ्या मारल्या. बोल्ट दरवेळी सहज मागे आला आणि वरद हसला. सुधीरही गालावरच्या वाळलेल्या फेसासकट हसला.

"वरद," अरुणाने विचारलं, "ज्यांच्या बंदुका सुधारतच नाहीत, त्यांचं काय करतात रे?"

"आमच्यातल्या अश्विनची नाही सुधारली. त्याला मागे किचनमध्ये पाठवलं, बटाटे सोलायला." वरद अजून हसतच होता. "बाकीच्यांना उद्या पुढे आघाडीवर नेणार म्हणे."

अरुणाने नवऱ्याकडे पाहिलं. काहीही अडकलेलं दिसलं की सुधीरचे हात शिवशिवायचे. ते सुटल्यावर पुढे काय, हे विचारायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"वरद, माती घाल त्यात!" तो ओरडला. "आत्ताच्या आत्ता! मूठभर माती कोंब, परत जाम कर ती!"

"काय बाबा? आवाज तुटतोय तुमचा."

मागून सार्जंट आला. त्याने रायफल उचलली, बोल्ट दोनदा मागेपुढे केला आणि खूश होऊन वरदची पाठ थोपटली. वरदने अभिमानाने फोन त्याच्यासमोर धरला.

"माय फादर," तो म्हणाला. "फादर रिपेअर."

सार्जंट स्क्रीनजवळ वाकला आणि त्याने सुधीरला कडक सलाम ठोकला.