तिथंच काऊन?

टाचण्या खोचायच्या लाल मखमली उशीची शिवण उसवली होती, आतला भुसा टेबलावर सांडला होता… आणि मुलाखत घेणारे समोरचे तिघे अर्ज वाचत होते तोवर कलाबाईची बोटं पदराआड, हातात नसलेल्या सुईनं, ती शिवण घालत राहिली.

"बालवाडीची ही जागा हिवरा आश्रमाकडची," चष्मेवाले साहेब म्हणाले. "तुम्ही रोहिणखेडच्या. मोताळ्यालाही जागा आहे, घरून जाता येईल. मग तिथंच का?"

उत्तर पाठ होतं. मुलांची आवड, खेड्यांची सेवा… सकाळी एसटी घाट चढत असताना सासूनंच ते तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं होतं. तीच सत्यभामाबाई आता बाहेर व्हरांड्यात बसली होती, दाराला नुसता पडदा. कलाबाईचा नवरा रामराव साप चावून गेला, तेव्हा बाया बांगड्या फोडायला आल्या, तर दारात आडवी झाली ती हीच. सुनेला सातवीच्या परीक्षेला बसवलं तेही हिनंच. छळ असता तर उत्तर किती सोपं होतं! पण तिच्या त्या मायेच्या घरात रामरावचा सदरा अजून खुंटीवर होता, मळला नसतानाही धुतला जायचा… आणि एकदा कापूस वेचताना कशावरून तरी कलाबाई खळखळून हसली, तशा सगळ्या बाया वळून बघू लागल्या, सासू डोळे पुसत म्हणाली, 'हास बाई, हास' — आणि हसू तिथंच मेलं.

"तिथं मले कोनी ओयखत नाही," ती म्हणाली.

आपणच बोललो? पाठ केलेलं सगळं कुठं गेलं?

"म्हणजे?" कोपऱ्यातल्या बाईंनी मान वर केली.

"म्हंजे… मी हासली तं कोनाले रडू येनार नाही."

साहेबांनी अर्जाची घडी घातली. मग हलकेच म्हणाले, "बरं. कळवू तुम्हाला."

व्हरांड्यात सत्यभामाबाईनं फडकं सोडून भाकर काढली होती.

"काय इचारलं वं?"

"तिथंच काऊन, म्हनून."

म्हातारीनं भाकर मोडली, वर ठेचा ठेवला, मोठा तुकडा सुनेकडे सरकवला. पडदा वाऱ्यानं आत-बाहेर होत होता. घास चावता चावता ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "तिकडं थंडी लई राह्यते म्हनतात. माही घोंगडी नेजो."

म्हणजे ऐकलं… सगळं ऐकलं. कलाबाईला वाटलं, आता लाज वाटेल; पण तसं काही झालं नाही, नुसती भूक लागली होती, सकाळपासूनची. जागा मिळेल, न मिळेल… तिनं मान वळवली, आणि ठेच्यानं पाणावलेल्या त्या म्हाताऱ्या डोळ्यांकडे पाहताना — की ठेच्यानं नव्हे? — तिच्या मनात आलं, यांना तरी कुणी कधी विचारलं असेल का, की आत्याबाई, तुमाले कुठी जा वाटते?

प्रश्न जिभेवर आला. तिनं तो गिळला नाही. विचारलाही नाही अजून.