चावी सध्या वापरात

‘वाघरगड शेवटपर्यंत अजिंक्य राहिला,’ एवढं फळ्यावर पांढऱ्या रंगात रंगवून टिपणीस दोन पावलं मागे सरले.

“जिंकाया आलावता कोन, सायेब?” मागून अंबाजीनं विचारलं.

टिपणीसांनी दप्तर आठवून पाहिलं. अठराशे अठरात इंग्रजांची एक पलटण पायथ्याच्या वाटेनं गेली होती. चढ बघून ती वर आली नव्हती. त्यांनी ब्रश डब्यात बुडवला.

साल एकोणीसशे बासष्ट. गडावरच्या जुन्या धान्यकोठारात सरकारी संग्रहालय व्हायचं होतं आणि मांडणीसाठी मुंबईहून टिपणीसांना धाडलं होतं. सात गंजक्या तलवारी, दोन तोफगोळे आणि एक जातं मांडून झालं होतं. मधलं काचेचं कपाट मात्र रिकामं होतं. त्यात ठेवायची महादरवाजाची वीतभर लोखंडी चावी अंबाजीच्या कमरेला होती. सहा पिढ्या ती त्याच्याच दरवानांच्या घराण्यात होती. दरवाजाच्या फळ्या पणजोबाच्या वेळीच वाळवीनं खाल्ल्या होत्या.

“यादीत चढलीय ती, अंबाजी. परवा उद्घाटन. आज दिलीच पाहिजेस.”

“देतो की. पन सांजंला दरवाजा मिटू कशानं?”

“दरवाजा आहे कुठे?”

“त्यो न्हाय, म्हनून तर चावी जपायची.”

यावर सरकारी परिपत्रक नव्हतं.

दिवस कलताना टिपणीस चावी घ्यायला दरवाजाशी गेले. कमान नीट दिसावी म्हणून चार पायऱ्या उतरून बाहेर उभे राहिले आणि वर बघतच राहिले. कमानीच्या दोन बाजूंचे बुरुज आभाळात गेले होते. पाठीशी सगळा मुलूख उतरत उतरत पार समुद्रापर्यंत गेला होता आणि तिथली गलबतं तिळाएवढी दिसत होती.

कमानीच्या आत अंबाजीनं पायताण काढून ठेवलं, मुंडासं सारखं केलं.

“हाय का कुनी भाइर?”

कड्यानं ते जसंच्या तसं परत केलं. त्यानं तीनदा विचारलं, कडा तीनदा बोलला. टिपणीस कान देऊन उभे होते. बाहेर आपण आहोत, हे सांगायचं राहून गेलं.

अंबाजीनं चावी हवेत धरून फिरवली.

“गड मिटला.”

टिपणीस पायऱ्या चढून आले. समोर दोन हत्ती सहज जातील एवढी मोकळी जागा होती. त्यांनी पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

आतून अंबाजीच्या बायकोनं, ठमाबाईनं, हाक दिली. “सायेब, भाकर निवली. या की!”

“बंद आहे,” टिपणीस म्हणाले.

ठमाबाईनं कपाळावर हात मारला. “ह्यो एक येडा व्हता, आता दोन झालं.”

“अंबाजी, उघडतोस का?”

“किल्लेदाराचा हुकूम लागतो.”

“किल्लेदार कोण?”

अंबाजीनं जरा विचार केला. “सरकारनं धाडलेलं तुमीच की.”

टिपणीसांनी कोटाचं वरचं बटण लावलं.

“उघडा,” ते म्हणाले.

अंबाजी एकदम ताठ झाला. त्यानं चावी उलटी फिरवली. अडसर सरकल्याचा आवाज टिपणीसांना स्पष्ट ऐकू आला. तो त्यांनी अहवालात लिहिला नाही. आत गेल्यावर चावीही मागितली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी काचेच्या कपाटात लाल मखमलीवर फक्त एक चिठ्ठी होती: ‘महादरवाजाची चावी. सध्या वापरात.’

ती पाहुण्यांनी खिडकीच्या गजांतून वाचली. कोठाराला नवं कुलूप लागलं होतं आणि त्याची चावी कपाट बनवणाऱ्या सुताराच्या खिशातून रेवस बंदराला गेली होती.