थुईला न सांगितलेली गोष्ट

सासूच्या खोलीतली जमीन मेणकागदाने मढवलेली होती आणि खोलीला ऊब यावी म्हणून तिच्याखाली कोळशाची भट्टी जळत असे. खालच्या भट्टीकडच्या कोपऱ्यात त्या पिवळ्या कागदावर एक करडी रेघ उमटली होती, केसाएवढी बारीक आणि वीतभर लांब. थुई ती रोज ओल्या फडक्याने पुसायची आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा तिथेच असायची. ग्युचॉलने बायकोला पुसताना ओसरीवरून एकदोनदा पाहिलं होतं. स्वच्छतेची आवड असलेली बायको मिळाली म्हणून त्याला बरं वाटलं होतं.

ती दूरदेशीच्या मेकाँग नदीकाठावरून आली होती, जिथे जमिनीखाली कुणी विस्तव पेटवत नाही. तिच्या वडिलांच्या ओट्यावर बसून ग्युचॉलने दुभाष्यामार्फत शब्द दिला होता, "आमच्याकडचं सगळं मी तिला शिकवीन." गावाच्या सभागृहापाशी दर मंगळवारी एक गाडी यायची आणि परदेशातून आलेल्या सुनांना भाषेच्या वर्गाला न्यायची. थुईला पाठवायचं ठरलं होतं. आधी नासपती उतरवून होऊ दे, म्हणून राहिलं. मग वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालून होऊ दे, म्हणून. आता नवं वर्ष आलं होतं.

"तुमची टिकली म्हणायची," शेजारच्या ह्वासुन काकू लसूण सोलत म्हणाल्या. "बाकांच्या घरची सून गेली बघा. वर्गात घातली, भाषा आली, मैत्रिणी झाल्या, आणि एक दिवस बाईसाहेब बसमध्ये."

"आमची नाही जायची," ग्युचॉलची आई म्हणाली. "तिचे कागद माझ्या पेटीत आहेत आणि किल्ली कमरेला. बोलायला येतं तेवढं पुरे आहे. 'हो आई', 'वाढते आई', 'चुकलं माझं'. सुनेला आणखी काय लागतं?"

"मला बाई चाळीस वर्षांत एवढंही जमलं नाही," काकू म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

थुईही हसली. सगळे हसले की हसायचं, हे तिचं तिने शिकून घेतलं होतं.

दुपारभर ती सासूजवळ त्या खोलीत बसायची. फटींतून वारा येतो अशी सासूची तक्रार होती, म्हणून तिने खिडकीच्या एकूण एक फटींत चिंध्या कोंबल्या होत्या. वारा थांबला तशी सासूने कधी नव्हे ते तिला शाबासकी दिली, एखादी फट मोकळी राहिली का ते पाहिलंही नाही. संध्याकाळी भात वाढताना थुई कानशील दाबून धरायची, कधी भिंतीला हात टेकायची. ग्युचॉलला ते दिसत होतं. घरची आठवण येत असेल, असं त्याने ठरवून टाकलं होतं. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, मला परत जायचंय. या एका उत्तराच्या भीतीने त्याने विचारलंच नाही.

त्या दिवशी तो बागेत छाटणी करत होता. करवतीचं पातं तुटलं म्हणून दुसरं न्यायला घरी आला. फाटकाबाहेरच त्याला थुईचा आवाज ऐकू आला, घोगरा, बसलेला.

"चुकलं माझं. चुकलं माझं. चुकलं माझं."

आईने तिच्यावर हात उचलला असं त्याला वाटलं. फाटक ढकललं तर थुई अंगणात गुडघ्यांवर होती. ती उभी राहायला बघायची आणि पुन्हा कलंडायची. तिच्यामागे आई अर्धी ओसरीवर, पाय अजून उंबऱ्याच्या आत, डोळे मिटलेले. थुईने तिला काखेत हात घालून तिथवर ओढलं होतं.

त्याला क्षणात कळलं. लहानपणी याच गावात एक अख्खं घर सकाळी उठलंच नव्हतं. कोळशाच्या वड्यांचा तो वायू दिसत नाही, त्याला वास नसतो. रक्तातली प्राणवायूची जागा तो बळकावून बसतो. जमिनीवर करडी रेघ दिसली की तडा गेला समजून आधी तो बुजवायचा. डोकं जड झालं की दार उघडून बाहेर पळायचं. खिडकीची एक फट कधी बंद करायची नाही. इथल्या पोराला हे चालायला लागण्याआधी ठाऊक असतं. इतकं ठाऊक, की दुसऱ्याला सांगायचं असतं हेच त्याला सुचलं नव्हतं.

त्याने मदतीचा नंबर फिरवला. थुईला तो नंबरही माहीत नव्हता. गावाला हाक मारण्यासाठी तिच्याजवळ तेवढीच तीन वाक्यं होती, आणि त्यातलं सर्वांत मोठ्याने म्हणता येईल ते ती म्हणत राहिली होती.

कुंपणापलीकडे ह्वासुन काकू उभ्या होत्या. तोंड पांढरं पडलं होतं.

"मी ऐकत होते रे," त्या म्हणाल्या. "बराच वेळ. मला वाटलं, तुझी आई तिला वळण लावतेय."

इस्पितळात दोघींना प्राणवायू देण्यात आला. आई वाचली. तरुण डॉक्टरीणबाईंनी ग्युचॉलला सांगितलं, "तिला विचारा, डोकं कधीपासून दुखतंय."

त्याने विचारायला तोंड उघडलं. तिच्या भाषेतला एकही उपयोगाचा शब्द त्याला येत नव्हता. त्याने स्वतःच्या कानशिलावर हात ठेवला. थुईने मान हलवली आणि हवेत कोबी चिरून पानांना तिखट चोळल्याचं दाखवलं. किमची घालायच्या दिवसांपासून.

"तुम्ही एकाच घरात राहता ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. आवाज मुळीच चढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई उशीला टेकून बसली. पायथ्याशी थुई संत्रं सोलत होती.

"काय विचारत होती रे ती डॉक्टरीण?" आईने मुलाला जवळ बोलावलं. "हिला फार कुणाशी बोलू देऊ नकोस. माझी किल्ली कुठंय?"

"माझ्या खिशात. नर्सने कपड्यांबरोबर दिली."

"नीट ठेव. हिने मला वाचवलं, मी नाही म्हणत नाही. म्हणूनच सांगते. असली सून हातची जायला नको."

ग्युचॉलने खिशात किल्ली घट्ट धरली. त्याला बस दिसली, खिडकीतली थुई दिसली, रिकामं घर दिसलं. भीती तसूभरही कमी झाली नव्हती. मग त्याला अंगणातला तो बसलेला आवाज ऐकू आला.

"आई," तो म्हणाला, "मंगळवारी थुई वर्गाला जाणार. तिचे कागद मी आजच तिच्या हातात देणार आहे."

थुईचे हात थांबले. मंगळवार हा शब्द तिला कळत होता.

"आणि गेली पळून म्हणजे?"

"बसचं तिकीट कसं मागायचं," ग्युचॉल म्हणाला, "तेही मीच तिला शिकवणार आहे."