भारद्वाज आला तेव्हा

मित्रांनो, रायपूरच्या समता कॉलोनीतल्या एका घरात, कपाटाच्या वरच्या फळीवर, कानटोपीत गुंडाळून ठेवलेला एक कॅमेरा आहे. तो मी. माझी भिंगाची नळी अर्धी बाहेर आली आहे आणि ती आता आत जात नाही. गोष्ट सांगायची मला सवय नाही. मी आजवर फक्त पाहत आलो, आणि स्वभावाने भित्रा असल्यामुळे तेही भीत भीतच.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. त्यातलं मला फारसं आठवत नाही. पांढरे हातमोजे आठवतात, आणि मग खोक्यातला अंधार आठवतो. त्या अंधारात मी सारखा विचार करायचो, की आपण कुणाच्या हाती पडणार? तो हात आपल्याला नीट धरील ना?

मी पडलो शरच्चंद्रकाकांच्या हाती, आणि तो हात कापत होता.

काका रेल्वेच्या कचेरीतून निवृत्त झाले होते. त्यांचे वडील भंडाऱ्याहून इकडे आलेले. सारा जन्म त्यांनी फायलींत आणि पुस्तकांत मान घालून काढला. त्यांची मुलगी इरावती रायपूरजवळच्या नव्या राजधानीतल्या एका कार्यालयात नोकरीला होती. बाबांना काहीतरी विरंगुळा हवा, म्हणून तिनं मला आणलं.

"मले जमते का हे, बेटा?" काकांनी मला दोन बोटांत विंचवासारखं धरून विचारलं.

"टेंशन मत लो, बाबा. हे बटण दाबायचं. बस."

पण काका लगेच बटण दाबणाऱ्यांतले नव्हते. आधी त्यांनी माझं माहितीपुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलीने रेघा ओढल्या. मग मला हातात घेतलं आणि सगळं विसरले.

मागच्या अंगणात आमचं शिक्षण सुरू झालं. तिथे कपडे धुण्याचा दगड होता, कढीपत्ता होता आणि कुंपणाच्या भिंतीजवळ लिंबाचं झाड होतं. पहिल्याच दिवशी काकांनी चुकून फ्लॅश लावला. साळुंकी ओरडत उडाली, काका दचकले आणि मी त्यांच्या गळ्यात दोरीला लोंबकळलो. त्यानंतर खार आली की नुसतं शेपूट मिळे. सरडा मिळाला, पण तो हलतच नव्हता म्हणून. मी स्वतःहून नजर धरतो. समोर जे ठसठशीत दिसेल त्यावर हिरवा चौकोन लावतो. काका पक्ष्यावर मला रोखत आणि माझा चौकोन हटकून पुढच्या पानावर जाऊन बसे. पान स्वच्छ येई, पक्षी धूसर.

"चुकलं माझं," काका पुटपुटत. चूक माझी असे. पण सांगणार कसं?

शेजारचे भैय्यालाल भिंतीवरून डोकावत. "कइसे कका, चिरई मन के बिहाव के फोटो खींचत हव का?" पाखरांच्या लग्नाचे फोटो, म्हणे! काका लाजून हसत आणि मला पाठीमागे लपवत.

तरी हळूहळू त्यांचा हात स्थिरावू लागला. एकदा एक दयाळ पक्षी भिंतीवर शेपटी उभारून बसला असता अगदी नेमका टिपला गेला. वनमालाकाकूंनी तो फोटो साऱ्या शेजाऱ्यांना दाखवला. "आमच्या यांनी काढला बरं!" त्या म्हणाल्या. काका आत जाऊन पुस्तक उघडून बसले, पण पान काही उलटत नव्हते. ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यांत मोठं कौतुक.

मग एप्रिलात लिंबाच्या झाडात बुलबुलाने घरटं केलं. तीन पिल्लं होती. पिसं नव्हती, डोळे मिटलेले, आणि तोंडं मात्र सदा उघडी. काकांना त्या पिल्लांचं वेड लागलं. ती मोठी होऊन उडेपर्यंतचे फोटो काढायचे, असं त्यांनी इरावतीला वचन दिलं. पण समोर पानं यायची, आणि माझा चौकोन पुन्हा पानावर.

एका सकाळी काका शिवणाच्या डब्यातला दोरा घेऊन आले. त्यांनी घरट्यापुढच्या दोन डहाळ्या हळुवार बाजूला ओढल्या आणि मागच्या फांदीला बांधून टाकल्या. एकही पान तोडलं नाही. त्यांच्या मते त्यांनी झाडाला जराही दुखवलं नव्हतं.

आता मला घरटं लख्ख दिसू लागलं. मित्रांनो, मला आनंद व्हायला हवा होता. पण मला वेगळाच विचार आला. मला एवढं स्पष्ट दिसतं, तर ते आणखी कुणाकुणाला दिसत असेल?

दोन दिवसांनी काका व्हरांड्यात बसून माझी काच पुसत होते. अंगणातून वनमालाकाकूंची हाक आली.

"अहो, या लवकर! भारद्वाज आला आपल्या घरी!"

तुम्हांला ठाऊक असेल, आपल्या घरांत भारद्वाजाचं दर्शन शुभ मानतात. काकूंनी केव्हाच हात जोडले होते. "हात जोडा आधी, फोटो मंग काढा. इरावतीचं यंदा जमते, पाहा तुम्ही!"

काका घाईत मला तसेच घेऊन आले. दोरी गळ्यात घालायची राहिली. त्यांनी मला डोळ्याला लावलं.

तो भिंतीवर होता. कावळ्याहून थोराड, काळा कुळकुळीत, तांब्याच्या रंगाचे पंख, लाल डोळे. तो उडाला नाही. तो चालत आला. भिंतीवरून लिंबाच्या फांदीवर, तिथून पुढच्या फांदीवर, सावकाश. काका हरखून गेले. त्यांना एक शुभ पक्षी दिसत होता. मला तो कुठे पाहतो आहे ते दिसत होतं.

मला ओरडता येत नाही. हात नाहीत, पाय नाहीत. मला फक्त नजर लावता येते. काका मला भारद्वाजावर रोखत राहिले आणि माझा चौकोन त्याच्यावरून घसरून मागे जात राहिला. मी ते मुद्दाम केलं की तीच माझी जुनी खोड होती, हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

"काहून धरून नाही राहिला हा?" काका वैतागले. भारद्वाज धूसर होता. मग चौकोनात स्वच्छ काय आलं आहे, ते त्यांनी पाहिलं.

तीन उघडी तोंडं. कुणीतरी घास घेऊन आलं, असं समजून ती वर झाली होती.

ज्या माणसाने कचेरीत कधी आवाज चढवला नाही, तो माणूस किंचाळत धावला. "हट्! हट्! जा!"

"अहो, भारद्वाजाले हाकलता? वेड लागलं का तुम्हांले?"

काकांनी दोन्ही हात वर उगारले. एका हातात मी आहे, हे ते विसरले. मी उडालो, दगडावर आपटलो आणि लिंबाखाली उताणा पडलो. माझ्या काचेला तडा गेला. त्या तड्यातून मी भारद्वाजाला भिंतीपलीकडे जाताना पाहिलं. त्याच्या चोचीत एक पिल्लू होतं.

काकू झाडाजवळ आल्या. त्यांनी घरटं पाहिलं, मग दोरा पाहिला.

"हे कोनं बांधलं?"

"मी. फोटो साफ यावा म्हणून."

काकूंनी भिंतीपलीकडे पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "त्याचा काय दोष? त्यालेही पोट आहे. वाट तर आपणच दाखवली ना."

दोरा सोडताना काकांना गाठ दिसेना. काकूंनी ती सोडली. डहाळ्या परत जागेवर आल्या आणि घरटं पानांआड गेलं.

"कॅमेरा उचला न् चला आत," काकू म्हणाल्या.

काका वाकले, पण तेवढ्यात विजेच्या वायरीवर बुलबुल येऊन बसला. तो झाडाकडे येईना. इकडे पाही, तिकडे पाही, आणि कर्कश ओरडे.

"राहू दे कॅमेऱ्याले," काका कुजबुजले. "चल."

दोघं स्वयंपाकघराच्या खिडकीआड जाऊन उभे राहिले. मी तिथेच राहिलो. ऊन चढलं, गरम वाऱ्याची लू सुटली. माझं अंग तापलं, पडदा काळवंडत गेला. एरवी काका मला मऊ फडक्याशिवाय खाली ठेवत नसत. वर दोन पिल्लं सुरुवातीला चिवचिवत होती. मग तो आवाज बारीक झाला. मग थांबला. आईबाप आता येणारच नाहीत का? खिडकीत काकांचा चेहरा मला दिसत होता. ते माझ्याकडे पाहत नव्हते. मला उचलायला आले असते तर पक्षी पुन्हा उडाला असता, म्हणून ते आले नाहीत. मला घाबरायला हवं होतं, आणि मी घाबरलोही. पण माझ्यासाठी नाही.

ऊन कलल्यावर पानं हलली. वारा असेल, असं वाटलं. पण त्यामागोमाग वरून आवाज आला. बारीक, हावरा, भुकेला आवाज. एक नाही, दोन आवाज. खिडकीत काकूंनी पदर तोंडाला लावला. काका जमिनीवर बसले असावेत, कारण ते मला दिसेनासे झाले.

दुरुस्तीच्या दुकानात माझे सुटे भाग मिळाले नाहीत. तेव्हापासून मी या फळीवर आहे. वचन दिलेले फोटो निघाले नाहीत. ती दोन पिल्लं केव्हा उडाली तेही कुणी पाहिलं नाही. एका सकाळी घरटं रिकामं होतं, एवढंच.

मित्रांनो, तुमच्या हाती माझ्यासारखा एखादा येईल. त्याला जपा, गळ्यात दोरी घालायला विसरू नका. आणि एखाद्या घरट्यासमोर पान आडवं आलं, तर चिडू नका. ते पान पिल्लांचं दार आहे. तुमचा फोटो धूसर आला तरी चालेल.